पूर्वापरविरोध, कल्पभेद आणि वासना : बायबलविषयक एका वादाचे वाचन

१८५७ साली, जानेवारीपासून मेअखेरपर्यंत, मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जे जाहीर वाद झाले, त्यांची नोंद आपल्याकडे धर्मप्रबोधनाच्या इतिहासात होते. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी छापला. उत्तरेकडील उठावाच्या बातम्या येऊ लागल्या आणि सभा थांबल्या. पुढे १८५९ मध्ये विष्णुबावांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ प्रसिद्ध झाला. हा सारा तपशील परिचित आहे. साहित्यसमीक्षेच्या इतिहासात मात्र या वादाला जागा मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी असे प्रस्तुत लेखकाला वाटते. एखादा ग्रंथ स्वतःशी सुसंगत आहे की नाही, हा प्रश्न मराठीत शास्त्रीपंडितांच्या सभेबाहेर, सर्वांदेखत विचारला गेला तो याच वादपरंपरेत. संहितेची जाहीर तपासणी आपण येथे शिकलो. आणि ती शिकताना एक गृहीतही नकळत पत्करले.

या परंपरेची सुरुवात सव्वीस-सत्तावीस वर्षे आधीची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद झाला. दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिचे खंडन छापले आणि सोबत दांडेकरांच्या पुस्तिकेचा अनुवादही दिला. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात छापण्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या आपल्या वादांतूनही क्वचितच आढळतो. विल्सन यांचा रोख पुराणांवर होता. एक पुराण विष्णूला श्रेष्ठ म्हणते, दुसरे शिवाला. सृष्टीची उत्पत्ती येथे एका तऱ्हेने, तेथे दुसऱ्या तऱ्हेने. ज्या वचनांत परस्परविरोध आहे ती सर्व ईश्वराची कशी असतील? युक्तिवाद साधा होता आणि तरुण इंग्रजी शिक्षितांवर त्याचा परिणाम होत होता.

पौराणिकाकडे यावर जुने उत्तर होते : कल्पभेद. एका कल्पात असे घडले, दुसऱ्या कल्पात तसे. म्हणून दोन्ही कथा खऱ्या. मिशनऱ्यांना हे उत्तर म्हणजे पळवाट वाटली. मात्र हे उत्तर कोणत्या गरजेतून आले ते पाहिले पाहिजे. पुराण ही सांगण्याची आणि ऐकण्याची संहिता आहे. श्रोते बदलतात, क्षेत्र बदलते, वक्ता बदलतो. एकाच कथेची दोन रूपे समोर आली तर एकाला खोटे ठरवण्याऐवजी दोन्हींना जागा करून देणे ही या प्रकाराची गरज असते. कल्पभेद हे त्या गरजेचे शास्त्रीय नाव होय.

हाच माप-दंड उलटून बायबलवर लावला गेला तेव्हा काय झाले, हा खरा रंजक भाग आहे. उदाहरणे कोणत्याही सावध वाचकाला सापडण्यासारखी होती. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती व पशू आधी आणि मनुष्य शेवटी. दुसऱ्या अध्यायात माती घेऊन मनुष्य घडवला जातो तेव्हा शेतातले झुडूपही उगवलेले नाही. नोहाने प्रत्येक जातीचे दोन जीव घ्यावेत असे सहाव्या अध्यायात. सातव्यात शुद्ध पशूंच्या बाबतीत सातांचा हिशेब. मत्तयाच्या वंशावळीत योसेफाचा बाप याकोब, लूकच्या वंशावळीत एली. दावीदाला लोकांची शिरगणती करण्याची प्रेरणा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वराच्या कोपाने होते, तर इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सैतानामुळे. हा शेवटचा भेद साध्या विसरभोळेपणाचा नव्हे. मधल्या काळात ईश्वराविषयीची कल्पनाच बदललेली आहे, आणि नंतरच्या लेखकाने आधीची कथा आपल्या कल्पनेनुसार पुन्हा लिहिली आहे.

यहूदा इस्कर्योताचा मृत्यू पाहावा. मत्तयानुसार तो पैसे मंदिरात टाकून जातो व गळफास घेतो. त्या पैशांनी कुंभाराचे शेत याजक विकत घेतात. प्रेषितांच्या कृत्यांनुसार शेत तो स्वतःच घेतो, आणि तेथे तोंडघशी पडून त्याचे पोट फुटते. पारंपरिक ख्रिस्ती समन्वय असा : त्याने फास घेतला, दोर तुटला (किंवा फांदी मोडली), तो खाली पडला, आणि शेत याजकांनी त्याच्या पैशांतून घेतले म्हणून ते त्यानेच घेतले असे म्हणता येते. आता तुटलेला दोर मत्तयात नाही, प्रेषितांच्या कृत्यांतही नाही. दोन कथा खऱ्या ठरवण्यासाठी समन्वयकाराने तिसरी कथा रचली आहे. कल्पभेद मानणारा पौराणिक दोन कथांसाठी दोन काळ कल्पितो. समन्वयकार दोन कथांमध्ये एक दोर घालतो. प्रक्रिया एकच आहे. किंबहुना पौराणिक अधिक संयमी म्हणावा लागेल, कारण तो मूळ कथांना हात लावत नाही.

समन्वयाची ही प्रवृत्ती ख्रिस्ती परंपरेत फार जुनी. दुसऱ्या शतकात टेशियनने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच सलग कथन तयार केले. इसवी सन ४०० च्या सुमारास ऑगस्टिनने शुभवर्तमानांच्या एकमतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठीत हे काम फादर थॉमस स्टीफन्सने केले. १६१६ मध्ये छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ चार शुभवर्तमानांचा अनुवाद करीत नाही, ओवीबद्ध सलग कथा सांगते. श्रोते मध्येच शंका विचारतात, पाद्री समाधान करतो. पण एक साक्षीदार असे म्हणतो आणि दुसरा तसे, ही शंका तेथे उद्भवण्याला फारसा अवकाशच नाही, कारण साक्षीदार एकत्र विरघळलेले आहेत. पुराण या साहित्यप्रकाराने विसंगती पचवून टाकली. १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत झाले, तेव्हा चारही कथने चार स्वतंत्र पुस्तके म्हणून, अध्याय-वचनांच्या आकड्यांसह वाचकाच्या हाती आली. आकडे आले की ताडून पाहणे सोपे होते. मिशनऱ्यांनी बायबल स्वस्तात वाटले, आणि त्याबरोबर त्याच्याविरुद्धचे साहित्यही वाटले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शास्त्री मंडळींना ही तपासणी नवी नव्हती. ‘पूर्वापरविरोध’, ‘वदतोव्याघात’ ही न्याय-मीमांसेतील नित्याची दूषणे. मीमांसकाने तर विसंगत वाक्यांची एकवाक्यता कशी करावी याचे शास्त्रच उभे केले : हे विधिवाक्य, हा अर्थवाद, अर्थवादाचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती या कसोट्यांवर लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य ठरवले ते याच शास्त्राच्या आधारे. म्हणजे विसंगती शोधण्याचे आणि मिटवण्याचे, दोन्ही हत्यारे घरात होती. १८३९ मध्ये जॉन म्यूर यांनी संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदुधर्माला कसोट्या लावल्या, तेव्हा उत्तर देणाऱ्या तिघांपैकी दोघे मराठी घराण्यांतले होते : सिहोरचे सुबाजी बापू आणि काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. या संस्कृत ग्रंथांचा सविस्तर अभ्यास रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मध्ये केला. गोऱ्हे यांनी १८४४च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून शास्त्रांतील भेदांची संगती लावून दाखवली आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी तीच तर्कपद्धती दर्शनांवर चालवली. माणूस पक्ष बदलतो, हत्यार तेच राहते. गोऱ्ह्यांचे चरित्र या दृष्टीने वाचले गेले पाहिजे.

मुंबईत मिशनरी बायबलच्या निर्दोषतेचा पक्ष लढवत होते त्याच काळात युरोपात तो पक्ष ढासळू लागला होता, हा या इतिहासातला उपरोध आहे. स्पिनोझाने १६७० मध्येच मोशेच्या पुस्तकांचे कर्तृत्व संशयास्पद ठरवले होते. १८६२ मध्ये नाताळ प्रांताचा बिशप कोलेन्सो याने पंचग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याला प्रवृत्त केले ते बायबलच्या भाषांतरात मदत करणाऱ्या एका झुलू सहकाऱ्याने : जलप्रलयाची ही कथा खरी आहे काय, असा त्याचा सरळ प्रश्न. कोलेन्सो हा गणिती. त्याची अंकगणिताची पुस्तके साम्राज्यभर शाळांतून चालत. त्याने इस्राएलच्या सहा लाख पुरुषांचा हिशेब मांडून पाहिला आणि तो जुळेना. भाषांतर करताना शेजारी बसलेल्या एतद्देशीयाची शंका ही पाश्चात्त्य बायबल-चिकित्सेच्या प्रेरणांपैकी एक आहे. वसाहतीत प्रश्न फक्त एकाच दिशेने जात होते, हा समज येथे टिकत नाही.

आता खानदेशातून या वादाकडे पाहू. प्रस्तुत लेखक शिंदखेडा-दोंडाईचा भागात मराठीचे अध्यापन करतो. तापीचे हे खोरे आणि त्याला लागून असलेला गिरणाकाठ येथे महानुभाव पंथाची वस्ती जुनी. भडगावजवळची कनाशी हे त्यांचे प्रसिद्ध स्थान. पदव्युत्तर वर्गात ‘लीळाचरित्र’ घेतले की विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडतात. एकच लीळा, आणि लगेच नोंद : अमुकाची ‘वासना’ अशी, अमुकाचा ‘शोध’ असा. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी भक्तांकडून गोळा केल्या. मूळ पोथी आक्रमणांच्या धामधुमीत हरवली तेव्हा स्मरणातून ती पुन्हा बांधली गेली. आणि स्मरणे जिथे जुळली नाहीत तिथे संकलकांनी ती न जुळलेली ठेवली, कोणाची कोणती तेही नोंदवले. ‘मग खरे काय घडले?’ असा प्रश्न वर्गात येतो. पंथाच्या घरातून आलेला विद्यार्थी असेल तर तो सहसा हा प्रश्न विचारत नाही. ग्रंथ पवित्र असूनही त्यात दोन साक्षी असू शकतात, हे त्याच्या संस्कारात बसलेले असते.

येथे आपल्याला तिसरी भूमिका सापडते. पौराणिक विसंगतीला दोन काळांत वाटून टाकतो. समन्वयकार तिच्यावर तिसरी कथा घालतो. महानुभाव संकलक तिला नावासह जागेवर ठेवतो. चार शुभवर्तमाने चार वेगळ्या नावांनी जपणारी आरंभीची ख्रिस्ती मंडळी या तिसऱ्या भूमिकेच्या बरीच जवळ होती. टेशियनचे सलग कथन सीरियाई चर्चमध्ये दीर्घकाळ चालूनही अखेर मागे पडले आणि चार पुस्तकेच राहिली, ही निवड लहान नव्हे. विल्सन-बोवेन आणि दांडेकर-विष्णुबावा यांपैकी कोणीही या निवडीकडे वळून पाहिले नाही. ईश्वराचा ग्रंथ म्हणजे आरपार अविरोधी ग्रंथ, हे गृहीत दोन्ही पक्षांत समान होते. वाद होता तो कोणाचा ग्रंथ तसा आहे, एवढ्यापुरता.

त्याचे परिणाम पुढे दिसतात. विष्णुबावांनी पुराणांचा सारा भार वाहण्याऐवजी ‘वेदोक्त’ धर्माचा आश्रय घेतला. दयानंद सरस्वतींनी १८७५ मध्ये मुंबईत आर्यसमाज स्थापला तो वेदप्रामाण्यावरच, आणि त्यांच्या ‘सत्यार्थप्रकाशा’च्या १८८४ च्या आवृत्तीतील तेरावा समुल्लास बायबलमधील विसंगतींना वाहिलेला आहे, त्याच ग्रंथात पुराणेही त्याच कसोटीवर नाकारलेली आहेत. मिशनऱ्याशी लढता लढता त्याची ग्रंथकल्पना आपलीशी झाली. या गृहीताबाहेर पडण्याचे धैर्य दाखवले ते जोतीराव फुले यांनी. मिशन शाळेत शिकलेल्या, ख्रिस्ताला बळीराजाच्या परंपरेत आदराने बसवणाऱ्या फुल्यांनी १८९१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त कोणत्याही एका धर्मपुस्तकाला अथपासून इतिपर्यंत सार्वकालिक सत्याचा मक्ता दिला नाही. धर्मपुस्तके ज्या त्या काळी माणसांनी रचलेली असल्यामुळे त्यांत सत्य आहे आणि उणेही आहे, ही त्यांची भूमिका. तिच्यापुढे बायबल विसंगत आहे की नाही हा वाद निष्प्रभ होतो, कारण सुसंगती ही ईश्वरकर्तृत्वाची खूणच राहत नाही.

एक बाजू अजून उरते, भाषांतराची. प्रेषितांच्या कृत्यांत शौलाला दिव्य दर्शन होते त्या प्रसंगी त्याच्या सोबत्यांनी वाणी ऐकली असे नवव्या अध्यायात आहे. बाविसाव्यात शौल स्वतः सांगतो की त्यांनी ती ऐकली नाही. ग्रीक क्रियापद दोन्हीकडे एकच, विभक्ती वेगळी. कित्येक आधुनिक भाषांतरांनी दुसऱ्या ठिकाणी ‘समजली नाही’ असे करून विरोध मिटवला. मराठी भाषांतरकाराची स्थिती येथे चमत्कारिक होते. ‘तो माझे ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा कानाविषयी तक्रार नसते. मराठी ‘ऐकणे’ आज्ञापालनाकडे झुकते, आकलनाकडे तितके नाही. म्हणून ‘ऐकणे’ दोन्हीकडे ठेवले तर विरोध उघडा राहतो, आणि बदलले तर वाचकाला तो कधीच कळत नाही. हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांना धरून साऱ्या बायबलचे मराठीकरण करणाऱ्या पंडिता रमाबाईंपुढे अशी स्थळे कित्येकदा आली असणार. १८८५-८६ मध्ये इंग्लंडमध्ये चर्चच्या सिद्धांतांविषयी वरिष्ठांशी पत्रांतून वाद घालताना ‘हे बायबलमध्ये कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या या बाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावला त्याच ग्रंथाच्या शब्दाशब्दावर घालवली. भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मधील मृत्यूपूर्वी पुरे केले आणि १९२४ मध्ये ते मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्या आवृत्तीतील अशी विरोधस्थळे १८४७ च्या बायबलशी ओळीने ताडून पाहिली, तर मराठी गद्याने विसंगती कुठे राखली आणि कुठे गिळली याचा हिशेब हाती येईल. महानुभाव पोथ्यांतील वासनाभेदांचा अभ्यास ज्या काटेकोरपणे झाला आहे, त्याच काटेकोरपणाची येथे गरज आहे.