परिचर्येच्या पदवीचा कालावधी : काही ऐतिहासिक निरीक्षणे

परिचर्येची पदवी किती वर्षांत मिळते, ह्या प्रश्नाचे उत्तर भारतापुरते ‘चार वर्षे’ असे दोन शब्दांत देता येते. परंतु ही चार वर्षे कोठून आली आणि त्यांत कशाची गणना होते, हे पाहू लागले म्हणजे उत्तर तितकेसे सरळ राहत नाही. परिचर्येच्या शिक्षणाची मुदत केवळ अभ्यासाच्या विस्तारावरून ठरलेली नाही. विद्यार्थिनीच्या वेळेवर हक्क कोणाचा, रुग्णालयाचा की विद्यालयाचा, ह्यावरूनही ती पुष्कळशी ठरत आली आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये जे विद्यालय निघाले, त्यातील शिक्षण एका वर्षाचे होते. पहिल्या तुकडीत १५ उमेदवार स्त्रिया होत्या. त्यांना निवास, भोजन, गणवेश आणि किरकोळ खर्चासाठी वर्षाला १० पौंड मिळत. मोबदल्यात त्या रुग्णकक्षांत काम करीत, आणि वर्ष संपल्यावरही काही काळ रुग्णालयीन सेवेस बांधलेल्या असत. पुढे ठिकठिकाणच्या रुग्णालयांत ही मुदत वाढत जाऊन तीन वर्षांवर स्थिरावली. वैद्यकशास्त्राची वाढ हे त्याचे एक कारण खरे. परंतु तिसऱ्या वर्षातील विद्यार्थिनी ही रुग्णालयाला अनुभवी आणि अत्यंत अल्प खर्चात लाभणारी सेविका होती, हे दुसरे कारणही तितकेच खरे मानावे लागते.

ह्या दुसऱ्या कारणाचा पुरावा अमेरिकेत मिळतो. मिनेसोटा विद्यापीठाने १९०९ मध्येच परिचर्या विद्यालय आपल्या छत्राखाली घेतले होते. पण तेथील क्रम रूढ तीन वर्षांचाच होता. १९२३ मध्ये जोसेफिन गोल्डमार्क ह्यांनी सिद्ध केलेला अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यातून विद्यार्थिनीला नवे काही शिकावयास मिळत नाही असे पुनरावृत्तीचे काम वगळल्यास मूळ शिक्षण २८ महिन्यांत पुरे करता येईल, असे त्यात प्रतिपादन होते. त्याच वर्षी येल विद्यापीठात निघालेल्या परिचर्या विद्यालयाने २८ महिन्यांचाच क्रम स्वीकारला. म्हणजे रूढ ३६ महिन्यांपैकी आठ महिने शिक्षणाचे नव्हते, वेठीचे होते. ‘वेठ’ हा शब्द कठोर वाटेल. पण दुसरा नेमका शब्द सापडत नाही.

ह्या संदर्भात ‘शुश्रूषा’ ह्या शब्दाचा प्रवास लक्षणीय आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, ह्या धातूचे हे इच्छार्थक रूप. प्रथम ऐकण्याची इच्छा, मग गुरूची आज्ञा पाळणे, मग त्याची सेवा आणि शेवटी रुग्णाची सेवा असा त्याचा अर्थ सरकत गेला. रुग्णालयीन शिक्षणात जे आज्ञापालन सर्वांत मोठा गुण मानले गेले, ते ह्या शब्दाच्या पोटातच होते. चरकसंहितेतील कल्पना मात्र निराळी आहे. परिचारकाच्या चार गुणांत तेथे उपचाराचे ज्ञान प्रथम येते. दक्षता, अनुराग आणि शुचिता त्यानंतर. सांगितलेले ऐकणे हा गुण चरकाने रोग्याकडे दिला आहे, परिचारकाकडे नव्हे!

मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. बाई काशीबाई गणपत तेथे १८९१ मध्ये परिचर्येच्या शिक्षणासाठी आल्या. असे शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्री मानल्या जातात. ते शिक्षण अर्थातच रुग्णालयाच्या चौकटीतले होते. विद्यापीठाची पदवी येण्यास १९४६ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. इतक्या टंचाईत एकेका मुलीस चार वर्षे पदवीसाठी गुंतवणे अनेकांना चैन वाटली असल्यास नवल नाही. तरीही दिल्लीचे परिचर्या महाविद्यालय, ज्यास पुढे राजकुमारी अमृत कौर ह्यांचे नाव मिळाले, आणि वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय येथे पदवीचे वर्ग त्याच वर्षी सुरू झाले. दिल्लीत १९५९ पासून दोन वर्षांचा पदव्युत्तर क्रमही आला, आणि मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले.

परंतु बहुसंख्य मुलींचा मार्ग पदवीचा नव्हता, पदविकेचा होता. ‘पदवी’स लघुत्वदर्शक प्रत्यय लावून हा शब्द घडविला आहे, प्रत्यक्षात मुदतीतील अंतर त्या प्रत्ययाइतकेही मोठे नाही. पदविकेचा क्रम दीर्घकाळ साडेतीन वर्षांचा होता आणि २०१५ च्या सुमारास तो तीन वर्षांचा झाला. ती घेतलेल्या परिचारिकेस पदवी हवी असल्यास आणखी दोन वर्षांचा क्रम पुरा करावा लागतो. एकीस चार वर्षांत जे मिळते, ते दुसरीस पाच वर्षांत, आणि पूर्वीच्या नियमाने साडेपाच वर्षांत. घरची ओढ असलेली मुलगी बहुधा ही दुसरीच असते. तिने रुग्णकक्षात काढलेल्या रात्री पदवीच्या हिशेबात पूर्ण धरल्या जात नाहीत.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये पदवीचा क्रम आठ सत्रांत विभागून श्रेयांकपद्धती लागू केली. तीत वर्गातील व्याख्यानांच्या २० तासांस एक श्रेयांक आहे. रुग्णकक्षातील कामाचा एक श्रेयांक मिळण्यास ८० तास लागतात.