तळणीचे खग्रास ग्रहण

वऱ्हाडचा मुलूख नावाने निजामाचा व अमलाने इंग्रजांचा होता, आजचा यवतमाळ जिल्हा सरकारी दप्तरात ‘वून’ या नावाने ओळखला जात होता, आणि मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद रुळांची गाडी सुरू व्हायला अद्याप पाच वर्षे अवकाश होता, त्या काळी येथील माणसाला आगगाडी गाठावयाची म्हणजे धामणगावची वाट धरावी लागे. त्या धामणगावच्या पुढचे, वर्धा नदीच्या अलीकडचे तळणी हे लहानसे स्टेशन 22 जानेवारी 1898 रोजी, शके 1819 च्या पौषातील शनि-अमावास्येला, खगोलशास्त्राच्या इतिहासात चिरस्थायी झाले. महसुली हिशेबाने तळणी अमरावती जिल्ह्यात मोडते, हे खरे. परंतु त्या दिवशी चंद्राची छाया कोकणकिनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत गेली, आणि सोलापूरकडील जेऊर व तळणी ही दोन निरीक्षणस्थाने नकाशावर रेषेने जोडली, तर ती रेषा आपल्या जिल्ह्यातील नेर गावाजवळूनच जाते.

विजयदुर्गला लॉक्यर, जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील कावसजी नायगमवाला, पुलगावला केंब्रिजचे न्यूऑल, असे नामांकित पंडित छायामार्गावर ठिकठिकाणी उतरले होते. तळणीचा तळ मात्र 1890 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या मुख्यतः हौशी मंडळींच्या संस्थेचा होता. तिचे संस्थापक वॉल्टर माँडर ग्रीनिच वेधशाळेचे नोकर होते. त्यांच्या पत्नी ॲनी यांना मात्र त्याच वेधशाळेतील जागा 1895 साली विवाहामुळे सोडावी लागली होती. ज्या विदुषीला विवाहाच्या कारणाने नोकरीतून दूर व्हावे लागले, ती केवळ जिज्ञासेच्या बळावर, मुंबई इलाख्यात प्लेगचा कहर चालू असताना, वऱ्हाडच्या माळावर येऊन उभी राहते, या निष्ठेपुढे माझे मस्तक आजही नत होते.

सूर्यबिंबाच्या प्रखर तेजात एरवी लोपून जाणारे प्रभामंडल खग्रास स्थितीच्या त्या सुमारे दोन मिनिटांतच दृग्गोचर व्हावयाचे होते. गर्टन कॉलेजच्या अनुदानातून तयार करविलेल्या, अवघ्या दीड इंच व्यासाचे भिंग असलेल्या कॅमेऱ्याने ॲनीबाईंनी त्याची छायाचित्रे घेतली, आणि त्यांत जवळजवळ साठ लक्ष मैल लांबीचा एक प्रभाकिरण उमटला. इतका दीर्घ किरण तोवर कोणाच्याही काचेवर आलेला नव्हता.

त्याच तळावर खासगी नोकरी सांभाळून सूर्याचा अभ्यास करणारे जॉन एव्हरशेड वर्णपटाची छायाचित्रे घेत होते. हेच गृहस्थ 1907 साली कोडाईकनालच्या वेधशाळेत रुजू झाले, आणि सूर्यावरील डागांतील वायूंच्या प्रवाहाचा त्यांनी 1909 साली लावलेला शोध त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. ॲनीबाईंना मात्र, 1892 साली एकदा नाकारले गेलेले रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व, स्त्रियांना तेथे प्रवेश खुला झाल्यावर 1916 साली मिळाले.