‘बॉम्बे’ रक्तगटाची हकीकत

वाचकहो, आपल्या मुंबई शहराचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत एका निराळ्याच कारणाने छापलेले आढळते. ते कारण म्हणजे ‘बॉम्बे रक्तगट’. शहराचे नाव १९९५ साली बदलले, रक्तगटाचे तेच राहिले. हा रक्तगट प्रथम ओळखला गेला तो परळला, ठाण्याहून धिम्या लोकलने तासाभराच्या आत पोहोचावे अशा जागी. आनुवंशशास्त्राने अलीकडे मारलेली मजल समजून घेण्यास याहून जवळचे उदाहरण मला तरी दिसत नाही. शिवाय त्याचा आपल्या घरच्या लग्नकार्याशीही संबंध आहे. तो पुढे येईलच.

व्हिएन्नाचे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ए, बी आणि ओ हे रक्तगट जगापुढे मांडले. त्यानंतर कित्येक वर्षे असा समज होता की, ओ गटाचे रक्त कोणालाही चालते. १९५२ साली या समजाला तडा गेला. परळच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी तीन माणसे आढळली की, त्यांचे रक्त तपासणीत ओ सारखे दिसे, पण ओ गटाच्या रक्ताशीही ते जुळत नसे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या तज्ज्ञांनी या कामात भाग घेतला आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्या सर्वांचा संयुक्त लेख प्रसिद्ध झाला. पुढे १९५५ साली अमेरिकेतील फिलिप लेव्हिन यांनी या प्रकाराला ‘बॉम्बे’ हे नाव दिले.

विद्यार्थी मित्रांनो, यातील गोम अशी. आपल्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो. त्याला भिंतीवरची खुंटी समजा. ए आणि बी या त्या खुंटीवर अडकवायच्या टोप्या. ओ गटाच्या माणसाकडे नुसती खुंटी असते, टोपी नसते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. त्याच्या अंगी ए किंवा बी चा गुण असला तरी तो टांगायचा कोठे? आणि त्याच्या रक्ताला खुंटीच अनोळखी असल्यामुळे ओ गटाचे रक्तही ते परके मानून नष्ट करू पाहते. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. भारतात सुमारे दहा हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगतात, तर युरोपात दहा लाखांत एक. खोपटच्या एस.टी. स्थानकावर रोज जितकी माणसे चढतात-उतरतात, त्यांत असा एखादा असणे मुळीच अशक्य नाही.

खुंटी का नसते, हे कळायला मात्र चाळीस वर्षे लागली. ती तयार करणारे जनुक १९९० साली हाती आले आणि १९९४ साली त्यातील बिघाड दाखवून देण्यात आले. भारतातील बॉम्बे गटाच्या बहुतेक लोकांत या जनुकाच्या सुमारे अकराशे अक्षरांच्या मजकुरातील ७२५ वे अक्षर बदललेले असते. एकच अक्षर! शुद्धलेखनाच्या वहीत आम्ही शिक्षक अशा चुकीला अर्धा गुणही कापत नाही.

हा बिघाड आई व वडील दोघांकडून आला तरच प्रगट होतो. एकाकडूनच आला तर माणूस चारचौघांसारखा असतो, त्याला पत्ताही लागत नाही. १९६२ साली डॉ. एच. एम. भाटिया आणि डॉ. एल. डी. संघवी यांनी ‘दुर्मिळ रक्तगट आणि जवळच्या नात्यातील विवाह’ या विषयावर बॉम्बे गटाच्या आधारेच लेख लिहिला. आजोबांकडून आलेला एकच बिघाड दोन भावंडांच्या घरांत गुपचूप उतरतो आणि त्यांच्या मुलांचे एकमेकांशी लग्न झाले की पुन्हा एकत्र येऊ शकतो.

पालक बंधु-भगिनींनो, चुलत, मामे, मावस, आते अशा नात्यांतील निकाह आपल्यात होतात. मामाच्या मुलीशी लग्न तर महाराष्ट्रातील कितीतरी हिंदू जातींतही चालते. तेव्हा हा केवळ आपला प्रश्न नव्हे. अशा जोडप्यांची बहुतेक मुले धडधाकट असतात, हेही स्पष्ट सांगावयास हवे. परंतु जन्मजात दोषाचे प्रमाण सर्वसाधारण जोडप्यांत शेकडा दोन-तीन धरले, तर सख्ख्या चुलत-मामे भावंडांत ते अंदाजे दुप्पट होते. धर्माने अशा विवाहाला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. इराणने १९९७ पासून लग्नापूर्वी थॅलेसेमियाची तपासणी देशभर लागू केली आहे.

बॉम्बे गट हा काही आजार नाही. थॅलेसेमिया मात्र आजार आहे आणि तो याच वाटेने येतो. त्याच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक एवढी शक्यता असते. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकाची दुरुस्ती करणाऱ्या पहिल्या उपचारास मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली! वाहक ओळखण्याची रक्ततपासणी मात्र काही शे रुपयांत होते.

भाटियांनी सांभाळलेल्या रक्तगट केंद्रातून पुढे परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था उभी राहिली. रक्तातील आनुवंशिक दोषांवर तेथे काम चालते.

एक गोष्ट मला सलते. तपासणीचे नाव काढले की मुलीकडचे घाबरतात. मुलीत काही निघाले तर स्थळ मोडेल, ही भीती. वास्तविक वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, आणि मुलगाही तितकाच वाहक असू शकतो. म्हणून तपासणी दोघांची व्हावी, तीही साखरपुड्याच्या आधी. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. एकाचा अहवाल निर्दोष असला तर मुलांना हा आजार होण्याचे भय उरत नाही, तारीख खुशाल ठरवावी.