फुलातून फळ : परागकणांचे कार्य

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक वनाच्छादित जिल्ह्यांपैकी होत. येथील साग, बांबू, मोह आणि धान यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. या सर्व वनस्पतींच्या पुढच्या पिढीचा आरंभ मात्र डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका धूलिकणापासून होतो. तो म्हणजे परागकण.

परागकण फुलाच्या पुंकेसरातील परागकोशात तयार होतात. त्यांचा आकार साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असतो. प्रत्येक कणाला दोन आवरणे असतात. आतले आवरण नाजूक असते, तर बाहेरचे स्पोरोपोलेनिन या अत्यंत टिकाऊ द्रव्याचे बनलेले असते. या कवचावरील काटे, जाळी व छिद्रे यांची ठेवण वनस्पतीगणिक वेगळी असल्यामुळे केवळ परागकणावरून वनस्पतीचे कूळ, अनेकदा प्रजातीही, ओळखता येते.

परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर पडला की रुजतो. त्यातून एक सूक्ष्म नलिका निघते आणि कुक्षिवृंतातून वाढत अंडाशयातील बीजांडापर्यंत पोहोचते. ही परागनलिका १८२४ साली इटलीच्या जोव्हान्नी आमिची यांना प्रथम दिसली. त्यांनी निरीक्षणासाठी घेतलेली वनस्पती घोळवर्गातील, म्हणजे आपल्याकडे भाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या घोळीच्या जातकुळीतील होती. नलिकेतून दोन पुंपेशी बीजांडात जातात. एकीचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो, तर दुसरीपासून भ्रूणाला अन्न पुरवणारा भ्रूणपोष निर्माण होतो. या दुहेरी फलनाचा शोध रशियाच्या सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली लावला. आपण खातो तो पांढरा तांदूळ म्हणजे मुख्यतः हा भ्रूणपोषच होय.

परागकणांना स्वतःची गती नसते; त्यांना वाहक लागतो. बांबू ही गवताच्या कुळातील वनस्पती असल्याने तिचे पराग वाऱ्यावर उडतात. कित्येक दशकांनी एकदाच फुलणारा बांबू बी धरून वाळून जातो, म्हणून त्या एका बहरातील परागणावर त्याची पुढची पिढी अवलंबून असते. पळसाची केशरी फुले प्रामुख्याने पक्ष्यांसाठी असतात. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जांभळा शिंजीर हा पळसाचा मुख्य परागवाहक असल्याचे आढळले. खारही या कामी थोडा हातभार लावते.

मोहाची कथा याहून वेगळी आहे. त्याच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होऊन पाकळ्यांबाहेर डोकावतो. परागकोश नंतर फुटतात. त्यामुळे त्याच फुलातील पराग त्याच फुलाच्या कामी येण्याची शक्यता कमी होते. गोड, मांसल पाकळ्यांच्या ओढीने रात्री येणारी वटवाघळे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. पहाटे खाली पडतो तो पाकळ्यांचा पेला आणि त्याला चिकटलेले पुंकेसर. अंडाशय फांदीवरच राहतो व त्याचे पुढे फळ होते. म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये गावोगावी खाली पडलेला मोह वेचल्याने झाडाच्या फळधारणेला बाध येत नाही. फुले आणि बियांचे तेल, ही दोन्ही उत्पन्ने एकाच झाडापासून मिळतात ती यामुळेच.

परका पराग सर्वच वनस्पतींना लागतो असे नाही. सागाच्या एका फुलोऱ्यात हजारो फुले येतात, परंतु शंभरातून एखाद-दुसऱ्याच फुलाचे फळ होते. याचे एक कारण असे, की त्याच झाडाच्या परागापासून सागाला फळ क्वचितच धरते. कीटकांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणावा लागतो. धानाचे याच्या अगदी उलट. त्याचा पराग अवघी काही मिनिटे जिवंत राहतो आणि बहुधा त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (तालुका नागभीड) येथील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली शेतातील ‘पटेल ३’ या वाणात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडल्या आणि त्यांचे बी वेगळे पेरत जाऊन ‘एचएमटी’ हे वाण सिद्ध केले. स्वपरागणामुळेच निवडलेला गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहू शकला. मात्र फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर परागण बिघडून दाणे पोचट राहतात.

परागकणांच्या टिकाऊपणाची साक्ष चंद्रपूरच्या कोळशातही मिळते. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, फुलझाडे अस्तित्वात येण्याच्या फार आधी, येथे ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतींची अरण्ये होती. त्यांचे हवेच्या दोन पिशव्या असलेले परागकण वाऱ्याने पसरत. कोळशाचे नमुने आम्लांत विरघळवून हे कण वेगळे काढले जातात आणि त्यांवरून कोळशाच्या थरांचे वय व परस्परसंबंध ठरवले जातात.

कवच कोट्यवधी वर्षे टिकते, पण त्याच्या आतला जीव अल्पायुषी असतो. तो वेळेत योग्य फुलावर पोहोचला नाही, तर बहर वाया जातो. फळे खाणारी वटवाघळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दीर्घकाळ ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती; २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली. कायदा बदलला तरी कीटकनाशकांचा बेसुमार वापर, वणवे आणि पोळे जाळून मध काढण्याची रीत यांमुळे परागवाहकांची हानी होतच राहते. झाडे उभी असूनही त्यांना फळ धरले नाही, तर त्या जंगलाला पुढची पिढी नसते. वनरक्षणाचा विचार करताना वृक्षगणनेबरोबर वटवाघळे, शिंजीर आणि मधमाश्या यांचीही दखल घ्यावी लागते, ती याचसाठी.