एकट्या मुलाचा अर्ज

‘शाळेतील नैतिक प्रश्न’ असा विषय आहे म्हटल्यावर आपल्यापैकी अनेकांना कॉपी, खाजगी शिकवण्या, मोबाइल, छडी ही यादी आठवली असेल. ते प्रश्न खरेच आहेत. पण आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे यादीपेक्षा मुळाशी काय आहे हे बघायची सवय लागली आहे. आमच्या मते मूळ प्रश्न असा: एका मुलाला न्याय दिला तर बाकीच्यांचं नुकसान होईल असं सगळेच सांगू लागले, तर शिक्षकाने काय करायचं? आपल्या मुंबई इलाख्यात हा प्रश्न १८५६ साली सरकारी कागदावर आला. तिथूनच सुरुवात करू.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. जून १८५६ मध्ये त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ रोजी सरकारने त्यावर ठराव केला. त्याचा आशय असा, की तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे. पण अशा शाळेत प्रवेश मागायला आजवर पुढे आलेला हा एकटाच महार मुलगा. त्याच्या एकट्यासाठी इतर मुलांवर त्याची सोबत लादली, तर बहुसंख्य लोकांना त्या शाळेचा उपयोगच उरणार नाही. म्हणून प्रवेश नाही.

हा ठराव नीट वाचला पाहिजे. मुलगा अपात्र आहे असं तो म्हणत नाही. धर्मात बसत नाही असंही म्हणत नाही. न्याय कुठे आहे हे तो मान्य करतो, आणि मग तो देत नाही. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त हित, हा त्या काळच्या इंग्रजी कारभाराचा आवडता हिशेब. आता या हिशेबात चूक कुठे आहे ते बघा. शाळा ओस पडणार होती ती मुलाच्या येण्याने नव्हे, तर इतरांच्या निघून जाण्याने. म्हणजे धमकी दुसऱ्यांची, आणि ती लिहिली गेली मुलाच्या खात्यावर! आणि तो ‘एकटाच’ का होता? दार बंद होतं म्हणून. बंद दारामुळे कुणी आलं नाही, आणि कुणी आलं नाही म्हणून दार बंद ठेवलं.

प्रकरण वर गेलं. बंगालमध्ये असा प्रवेश नाकारला गेला नसता, असं जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने कळवलं. एप्रिल १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचं स्पष्ट केलं. तत्त्वाचा निकाल लागला. पण तब्बल २४ वर्षांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीराव फुले हंटर आयोगापुढच्या निवेदनात सांगतात, की जातीय पूर्वग्रहामुळे महार-मांग मुलं शाळांतून जवळपास वगळलेलीच आहेत. कागदावर उघडलेलं दार वर्गात कुणीतरी हाताने उघडावं लागतं, ते असं.

दुसरा मार्ग नव्हताच का? होता, आणि धारवाडच्या अर्जाच्या आधीपासून होता. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे फुले दांपत्याने महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. तिथल्या मुक्ता नावाच्या, साधारण चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या समाजाच्या दुःखाविषयी तो निबंध आहे. म्हणजे सरकार ‘शाळा निरुपयोगी होईल’ असं लिहीत होतं, त्याच्या वर्षभर आधी त्या मुलांनी शिकून काय होतं ते पुण्यात छापून निघालं होतं. इथेही लोकांनी धमक्या दिल्या, त्रास दिला. पण किंमत मुलांनी भरली नाही, शिक्षकांनी भरली. १८४९ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं. धारवाड आणि पुणे यांतला फरक आम्हाला एवढाच दिसतो, की अन्यायाचं बिल कोणाच्या नावावर फाडलं.

आता साताऱ्याला येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव तिथल्या हायस्कुलात दाखल झालं. तो दिवस आता आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. बाबासाहेबांनी शाळेतल्या पाण्याची हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. इतर मुलांना तहान लागली, की गुरुजींची परवानगी घ्यायची आणि नळावर जायचं. यांना परवानगी पुरत नसे. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तो उघडून द्यायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. बसायला वेगळं गोणपाट, तेही रोज घरून आणायचं आणि परत न्यायचं.

आम्ही या प्रसंगात शिपायाकडे बघत नाही, गुरुजींकडे बघतो. ते दुष्ट असतीलच असं नाही. परवानगी तर देत होते! पण शिपाई नसलेल्या दिवशी उठून नळ उघडायला किती पावलं लागली असती? आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांना? तीही तहानेची गोष्ट रोज पाहत होती आणि मोठ्यांकडून शिकत होती, की अशा वेळी बघत राहायचं असतं. शाळेत नीतीचा तास असो वा नसो, नीती अशीच शिकवली जाते.

इथे स्वतःबद्दल सांगायला हवं. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही नवी मुंबईतल्या एका शाळेच्या सल्लागार समितीवर होतो. एका बाईंनी दगडखाणीवरच्या मजुराचा मुलगा आपल्या वर्गात बसवून घेतला होता. दाखला नव्हता. कपडे, बोलणं यांवरून पालकांची लेखी तक्रार आली. काहींनी मुलं काढून घेऊ म्हटलं. समितीने ‘संस्थेच्या व्यापक हिताचा विचार करता’ त्याला थांबवायचं ठरवलं. त्या ठरावावर आमची सही आहे. बाहेर बाईंनी विचारलं, “सर, तुम्ही नीतिशास्त्र शिकवता ना? मग उद्या त्याला मी काय सांगू?” आम्ही म्हणालो, “बाई, शाळा टिकली तर पुढे अशी दहा मुलं घेता येतील.” आम्ही समितीवर असेपर्यंत त्या दहांतला एकही आला नाही. आणि १८५६चा ठराव आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता असं नाही. आम्ही तो वर्गात शिकवलेला होता.

आज कायदा बदलला आहे. शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि खाजगी शाळांतही २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. बघा, १६८ वर्षांनीही वाद त्याच उंबरठ्यावर चालला आहे: त्या मुलांनी आमच्या मुलांशेजारी बसायचं की नाही. न्यायालय प्रवेश देऊ शकतं. डबा खाताना त्या मुलाशेजारी कोण बसेल, सहलीचे पैसे नसलेल्याचं नाव वर्गात मोठ्याने वाचायचं की नाही, हे न्यायालय ठरवत नाही. ते बाई ठरवतात, सर ठरवतात आणि मुलं ठरवतात.

म्हणून समोर बसलेल्या शिक्षकांना आणि समित्यांवरच्या मंडळींना एकच विनंती. बैठकीत ‘एका मुलासाठी’ हे शब्द आले, की इतिवृत्तात दोन गोष्टी लिहून घ्या: नुकसान नेमकं कोण करणार आहे, आणि भरपाई कोणाकडून घेतली जात आहे. दोन नावं वेगळी निघाली, तर सही करू नका. आम्ही केली होती. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून आमच्याकडे बाकी आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.