‘फॉरमॅट मारा’च्या आधी आणि नंतर : संगणकदुरुस्तीच्या धंद्याचा मागोवा

काम करता करता थिजणारा लॅपटॉप आणि मध्येच आपोआप बंद होणारे सॉफ्टवेअर यांच्यावर इलाज करणे हा आज तालुक्याच्या गावातला साधा धंदा आहे. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी हेच काम सरकारी महामंडळाचे अभियंते करत. या दोन टोकांमधला प्रवास बऱ्याच अंशी निदानाच्या कौशल्याचा आहे. बिघाड यंत्रात आहे की आज्ञावलीत, हा एकच प्रश्न दुरुस्तीवाल्यांना दर दशकात नव्याने सोडवावा लागला, आणि मधली काही वर्षे तर त्यांनी तो सोडवायचेच सोडून दिले होते.

हा प्रवास एखाद्या आडगावावरून पाहायचा तर भीमपूर घ्यावे: तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर कडेला, पैनगंगेच्या अंगाचे गाव. नदीपलीकडे महाराष्ट्र. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. घरातली मराठी मात्र दोन्हीकडे चालू राहिली. ऑक्टोबर २०१६ पर्यंत भीमपूर तामसी मंडलात होते. तेलंगणातल्या जिल्ह्यांच्या फेररचनेत ते स्वतंत्र मंडलाचे ठाणे झाले. मंडल झाले की कचेऱ्या येतात आणि कचेऱ्यांबरोबर संगणक. इकडचे बिघडलेले मशीन आधी आदिलाबादला जाते. तिथे हात टेकले तर राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेला हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, उत्तरेला नागपूर सुमारे २०० किलोमीटर. सरहद्दीवरच्या माणसाला अशा दोन बाजारपेठा असतात. हैदराबादच्या बाजूला सिकंदराबादेतल्या पार्क लेनचे चिनॉय ट्रेड सेंटर हा सुट्या भागांचा मोठा अड्डा.

या धंद्याचे मूळही एका अर्थाने हैदराबादशी जोडलेले आहे. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा कमी करावा हा नियम तिला मान्य नव्हता. तिची शेकडो यंत्रे रेल्वे, तेल कंपन्या आणि विद्यापीठांत तशीच राहिली. ती सांभाळण्याचे काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आले. या सीएमसीचे मुख्यालय पुढे हैदराबादला होते. नावातच ‘मेंटेनन्स’ असलेल्या या कंपनीने देशाला संगणकदुरुस्तीची पहिली शिस्त दिली. बिघाडाची नोंद ठेवायची, सर्किटचे नकाशे समोर ठेवायचे आणि एकेक कार्ड बदलून दोष कुठे आहे ते हुडकायचे. यंत्र इतके महाग होते की ‘पुसून टाकून पहिल्यापासून सुरू करा’ असे म्हणण्याची कुणाची हिंमत नव्हती.

१९८४ च्या नोव्हेंबरात केंद्राने संगणकविषयक नवे धोरण जाहीर केले आणि सुट्या भागांची आयात सोपी झाली. मग जागोजागी जुळवलेले पीसी आले. संगणकाची खोली म्हणजे देवघरच: चपला दाराबाहेर, खिडक्या बंद, एसी चालू, टेबलाखाली गुरगुरणारा, विजेचा दाब स्थिर ठेवणारा सीव्हीटी. हे सोवळे अगदीच निराधार नव्हते. फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवर धूळ बसली की डिस्क वाचली जात नसे आणि विजेचा दाब खालीवर झाला की यंत्र जागीच थिजे. दुरुस्तीवाला वर्षाच्या करारावर येई, चार स्क्रू काढी, कार्डांची पिवळी टोके पेन्सिलच्या खोडरबराने घासून पुन्हा खाचेत बसवी, आणि निम्म्या वेळा मशीन चालू होई. तांब्यावरच्या सोनेरी मुलाम्यावर चढलेला पातळ थर रबराने निघतो, इतकेच त्यामागचे शास्त्र. आजही रॅमच्या पट्टीवर हाच प्रयोग पहिला होतो.

१९८६ मध्ये लाहोरमध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ हा बूट सेक्टरचा विषाणू फ्लॉपींवरून जगभर पसरला आणि दुरुस्तीवाल्यांच्या हिशेबात तिसरा संशयित आला. यंत्र ठीक, आज्ञावली ठीक, तरी मशीन अडकते. महाराष्ट्रात या बदलाचा सगळ्यात ठळक दाखला पुण्यात घडला. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर आणि रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे दुकान काढले आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्त केलेली मशीन तीच तक्रार घेऊन परत येत, कारण गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीत विषाणू तसाच असे. धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढणारी छोटी साधने लिहिली. त्यांतूनच ‘क्विक हील’ उभे राहिले. कंपनीने २००७ मध्ये उत्पादनाचेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेला हा उद्योग आहे, आणि तीच तक्रार परत का येते हे विचारल्यामुळे तो निघाला.

निदानाच्या दृष्टीने खरी उलथापालथ मात्र विंडोजच्या आवृत्त्यांनी केली. विंडोज ३.१ मध्ये चालू असलेल्या प्रोग्रामने आपणहून ताबा सोडला तरच दुसऱ्याला पाळी मिळे. एक अडकला की सगळेच अडकले. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी चाचणीच्या सोयीपुरत्या जुळवल्या होत्या. पुढे त्या अडकलेल्या मशीनवरचा घरोघरचा इलाज झाल्या. विंडोज ९५ ने ताबा काढून घेण्याचा अधिकार प्रणालीकडे दिला, पण खालचा पाया डॉसचाच असल्याने एखादा बेशिस्त प्रोग्राम सबंध मशीन पाडू शके. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली आणि घरगुती मशीनलाही विंडोज एनटीचा पाया मिळाला. प्रत्येक प्रोग्रामची स्मृती वेगळ्या कुंपणात गेली. तेव्हापासून हिशेब बदलला: एकच प्रोग्राम बंद पडत असेल तर दोष बहुधा त्या प्रोग्रामचा, सगळे मशीन थिजत असेल किंवा निळा पडदा येत असेल तर दोष ड्रायव्हरचा नाहीतर यंत्राचा. एवढे एक सूत्र ज्याला कळले त्याचे निम्मे निदान झाले. गंमत अशी की एक्सपीने निळा पडदा दिसताच मशीन आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय मुळातच चालू ठेवली होती. त्यामुळे गिऱ्हाईक एवढेच सांगे की ‘बंद होऊन आपोआप चालू होतो’, आणि पडद्यावरचा संकेतांक कुणी वाचलेलाच नसे.

याच काळात निदानाला गळती लागली. हार्ड डिस्क मोठ्या झाल्या, विंडोजच्या बिनपरवाना सीडी सगळीकडे मिळू लागल्या आणि दुकानात एकच उत्तर ऐकू येऊ लागले: फॉरमॅट मारा. काम दोन-तीन तासांचे, मजुरी ठरलेली, डोक्याला ताप नाही. भारतातल्या मशीनवर डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडण्याची जी रीत रुळली, तिच्यामागे हेच कारण होते. ‘सी’ पुसला तरी ‘डी’तला माल वाचावा. पण लोक फोटो आणि कागद डेस्कटॉपवर ठेवत, आणि डेस्कटॉप असे ‘सी’वर. कितीतरी घरांचे लग्नाचे फोटो असे गेले. शिवाय डिस्कच खराब असेल किंवा रॅम दगा देत असेल तर फॉरमॅटनंतर महिन्याभरात तीच रड. या रिवाजाने दुरुस्तीवाल्यांची एक पिढी रोग न बघताच औषध द्यायला शिकली, हे कठोर वाटले तरी खरे आहे.

गावखेड्यांत संगणकाचा वापर वाढवला तो सेवा केंद्रांनी आणि प्रशिक्षणाने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे पैनगंगेपलीकडे तालुक्या-तालुक्यांत निघाली. नदीच्या अलीकडे २०११ मध्ये मी-सेवा ही सरकारी सेवा केंद्रे सुरू झाली. दाखले आणि जमिनीचे उतारे मशीनवर आले आणि २९ ऑक्टोबर २०२० ला धरणी पोर्टल उघडल्यावर शेतजमिनीची नोंदणीही तहसील कचेरीतल्या पडद्यावर गेली. आता मशीन अडकले तर खिडकीपुढची रांगही अडकते.

लॅपटॉपने बिघाडांची यादीही बदलली. कापसाच्या या पट्ट्यात उन्हाळ्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि लॅपटॉपचा पंखा खालून हवा ओढतो. झाकण काढले तर पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पातळ पत्र्यांवर, धुळीचा आणि तंतूंचा राखाडी थर घट्ट चिकटलेला सापडतो. हवा अडली की प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि मर्यादा ओलांडली की मशीन एकदम बंद होते. गेम किंवा व्हिडिओ चालू असताना बंद पडणारा आणि सकाळी थंड असताना नीट चालणारा लॅपटॉप उष्णतेचा रोगी समजावा. जुनी थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली की असे बरेच लॅपटॉप सुधारतात.

इतर खुणाही जाणत्यांनी वर्षानुवर्षांत बांधल्या आहेत. मशीन थिजल्यावर कॅप्स लॉकची कळ दाबायची. दिवा पेटत-विझत असेल तर आतली प्रणाली जिवंत आहे, थोडे थांबावे किंवा टास्क मॅनेजरमधून दोषी प्रोग्राम बंद करावा. दिवा हललाच नाही तर प्रणालीच गारठली. दर वेळी वेगळाच प्रोग्राम आणि वेगळाच संकेतांक येत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. मेमटेस्ट रात्रभर चालवला की ती पकडली जाते. मिनिटभर अडकून पुन्हा सुटणारे, डिस्कचा वापर १०० टक्के दाखवणारे मशीन डिस्कशी झुंजत असते. २०१५ च्या विंडोज १० नंतर जुन्या फिरत्या डिस्कवर ही तक्रार घरोघरी झाली, आणि एसएसडी स्वस्त झाल्यावर जुन्या डिस्कच्या जागी ती बसवणे हाच धंद्यातला सर्वांत फायद्याचा इलाज ठरला. तो करण्याआधी डिस्कच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नोंद वाचून माल उतरवून घेणारा कारागीर आणि न घेणारा यांत मोठा फरक आहे.

सॉफ्टवेअरचा दोष जगभर एकाच वेळी कसा पसरतो, ते १९ जुलै २०२४ ला दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इलाज होता विंडोज ९५ च्या जमान्यातला: सेफ मोडमध्ये जायचे आणि एक फाइल पुसायची. ते एकेका मशीनपाशी बसूनच करावे लागले, आणि सगळे पुसून टाकण्याची गरज नव्हती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे एसएसडी घालून तगवलेले कितीतरी लॅपटॉप धडधाकट असूनही नव्या आवृत्तीच्या दाराबाहेर राहिले. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची जादा मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली. ती संपली की अशा यंत्राच्या मालकापुढे लिनक्स घालणे, मशीन इंटरनेटपासून दूर ठेवणे किंवा नवे घेणे हे तीनच मार्ग उरतात.