वर्गाध्यापनात तंत्रज्ञानाचा परिणामकारक वापर

संगणक, प्रोजेक्टर, चित्रफीत, मोबाइल संच किंवा इंटरनेट यांचा अध्यापनात उपयोग करणे, असा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा ढोबळ अर्थ आहे. मात्र साधन वर्गात आले म्हणजे त्याचा परिणामकारक वापर झाला, असे होत नाही. विद्यार्थ्याला निरीक्षण, मोजमाप व तर्क करावयास लावील, तोच वापर परिणामकारक म्हणता येतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होतो.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात दूरचित्रवाणीसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये सुरू झाली व २०१७ मध्ये बंद झाली. केवळ शिक्षणासाठी असलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह ‘इस्रो’ने सप्टेंबर २००४ मध्ये अवकाशात सोडला. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडद्वारे धड्याशी संबंधित दृक्‌श्राव्य साहित्य उपलब्ध होऊ लागले. अशा कोडचा अध्यापनात उपयोग करणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला.

केवळ यंत्रवाटपाने काय साधते, याची परीक्षा पेरू देशात झाली. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना लॅपटॉप मिळाल्याने संगणकाचा वापर पुष्कळ वाढला. परंतु गणित व भाषा या विषयांतील गुणांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

लोणार : एक पाठ

लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झाले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. जून २०२० मध्ये त्यातील खारे, अल्कधर्मी पाणी गुलाबी झाले. ‘नासा’ने प्रसिद्ध केलेल्या उपग्रह छायाचित्रांत २५ मे रोजी हिरवट आणि १० जून रोजी गुलाबी पाणी दिसते. ही दोन चित्रे व एक प्रोजेक्टर एवढ्या सामग्रीवर उत्तम पाठ घेता येतो.

प्रथम शिक्षकाने पडदा बंद ठेवून प्रश्न विचारावा : तळ्याचे पाणी पंधरवड्यात रंग कसा बदलते? प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. नंतर दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी दाखवून काय बदलले आणि काय तसेच राहिले, याची नोंद करून घ्यावी. व्यासावरून विवराचा परीघ काढता येतो. तो साधारण ५.६५ किलोमीटर भरतो. येथे भूगोलाला गणिताची जोड मिळते.

पाठाचा खरा गाभा यापुढे आहे. रंग कोणत्या काळात बदलला हे चित्र सांगते. का बदलला हे सांगत नाही. कारण शोधण्यासाठी पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत न्यावे लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ‘हॅलोआर्किया’ हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. पाण्याचा क्षारपणा वाढला, की अशा जीवांची वाढ होते व त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसते. विद्यार्थ्यांनी मग आपले मूळ अंदाज या माहितीशी ताडून पाहावेत. चुकलेला अंदाज खोडू नये. त्याशेजारी कारण लिहावे.

हाच विषय तयार चित्रफितीतून सलग दाखविला, तर मुलांना उत्तर मिळते, पण शोधण्याचा अनुभव मिळत नाही.

व्यवहारातील पथ्ये

- पाठाचा उद्देश आधी ठरवावा, साधन नंतर निवडावे.
- चित्रफीत दोन-तीन मिनिटांनी थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे.
- वर्गात एकच संच असल्यास चार-पाच जणांचे गट करावेत. संच हाताळणारा, नोंद ठेवणारा व सांगणारा यांची कामे आळीपाळीने बदलावीत.
- साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवावे. वीज गेल्यास पाठ अडू नये म्हणून छापील चित्र किंवा फळ्यावरील आकृती तयार असावी.
- जे प्रत्यक्ष पाहता येते, त्याला पडद्याचा पर्याय देऊ नये. लोणार परिसरातील मुलांना विवराच्या काठावर नेणे केव्हाही श्रेयस्कर.

मर्यादा

कोविड काळात शाळा बंद असताना, ज्या घरी स्मार्टफोन नव्हता किंवा जेथे एकाच फोनवर भावंडांचा अभ्यास होता, तेथील मुले मागे पडण्याचा धोका ठळक झाला. त्या वेळी, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. दूरचित्रवाणीसाठी इंटरनेटची गरज नव्हती. अत्याधुनिक साधनापेक्षा सर्वांपर्यंत पोहोचणारे साधन अधिक उपयुक्त ठरू शकते, हा त्याचा बोध आहे.

मूल्यमापन

शाळेत किती संच आहेत, हा यशाचा निकष नव्हे. पडदा बंद झाल्यावर विद्यार्थी तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत, वहीत आकृती काढून समजावून देऊ शकतो काय, हे पाहावे. मागच्या बाकावरील मुलालाही ते साधले, तर तंत्रज्ञान सार्थकी लागले असे समजावे.